रेझिनच्या फिगर्स रंगवताना पडणारे नेहमीचे प्रश्न

टेबलटॉप वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळायच्या छंदासाठी, रेझिनच्या फिगर्स (छोटे पुतळे) घेतल्या की नव्या माणसाला पहिल्या महिन्यात तेच तेच प्रश्न पडतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. माझी उदाहरणं बरीचशी २८ मिमीच्या मराठा फौजेची आहेत, अठराव्या शतकातली, कारण सध्या टेबलावर तीच मांडलीये, पण तुमच्याकडे काल्पनिक फौजांचे स्पेस मरीन असोत नाहीतर ऑर्क, काम सेमच आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, रेझिनमध्ये रंगाची बाटली उघडायच्या आधीच निम्म्याहून जास्त निकाल लागलेला असतो, त्यामुळे खाली धुण्या-घासण्याबद्दल खूप लिहिलंय, ते प्लीज गाळू नका.

२८ मिमी म्हणजे नक्की काय मोजतात?

साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची. पण काही कंपन्या डोक्याच्या टोकापर्यंत मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या २८ मिमी फिगर्स शेजारी ठेवल्या की एक बुटका आणि एक उंच दिसतो. त्यात परत हिरोइक नावाचा प्रकार आहे, म्हणजे डोकं, हात, हत्यारं मुद्दाम जाड केलेली, टेबलावर लांबून नीट दिसावीत म्हणून. ५४ आणि ७५ मिमीच्या फिगर्स बहुतेक शोकेससाठी असतात.

प्लॅस्टिकच्या मिळत असताना रेझिन कशाला?

प्लॅस्टिकच्या फिगरला स्टीलचा साचा लागतो आणि तो करायला एवढा खर्च येतो की हजारोंनी विकल्याशिवाय परवडत नाही. पॉलियुरेथेन रेझिन मात्र सिलिकॉन रबरच्या साच्यात ओतता येतं, दोन द्रव मिसळायचे, ओतायचे, थोड्या वेळात कडक. साचा लवकर झिजतो पण स्वस्तात परत करता येतो, म्हणून एखाददुसरा माणूस घरच्या गॅरेजमध्ये सुद्धा फिगर्स काढून विकू शकतो. मराठा स्वार, गारदी (कवायती पायदळाचे शिपाई), तोफा ओढणारे बैल असले विषय मोठ्या कंपन्या सहसा घेत नाहीत, ते अशा छोट्या लोकांकडूनच येतात. मोठ्यांनीही रेझिन वापरलंय, नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने २०११ मध्ये आपल्या बऱ्याच धातूच्या फिगर्स फाइनकास्ट नावाने रेझिनमध्ये आणल्या होत्या.

आता दुसरा प्रकार म्हणजे थ्रीडी प्रिंटची. ते रेझिन वेगळं, ते अतिनील प्रकाशाने कडक होतं, आणि ते जास्त ठिसूळ असतं. तुमच्या हातात कुठलं आहे हे आधी विकणाऱ्याला विचारून घ्या, कारण पुढची काही उत्तरं त्यावर बदलतात.

धुवायलाच हवं का? स्वच्छच तर दिसतंय.

हो, धुवायलाच हवं. साच्यातून फिगर सुटून यावी म्हणून साच्याला आतून तेलकट रिलीज एजंट मारलेला असतो आणि तो फिगरवर राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पकड देणारा थर, मारला की तो धरत नाही आणि गेम खेळताना बोट लागलं की रंग सालासारखा निघून येतो, शक्यतो नाकावर, गुडघ्यावर, तलवारीच्या धारेवर, जिथे हात लागतो तिथेच.

कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड सोप, जुना मऊ टूथब्रश. अर्धा तास भिजवा, मग पगडीच्या घड्या, घोड्याच्या आयाळीतल्या खाचा वगैरे नीट ब्रश करा, साध्या पाण्याने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. कडक गरम पाणी नको, पातळ भाग वाकतात. आणि बेसिनच्या भोकावर चाळणी ठेवा हो, २८ मिमीचा हात एकदा पाइपात गेला की गेला.

मी घरी प्रिंट करतो, मला काय वेगळं करावं लागेल?

कडक न झालेलं रेझिन त्वचेला चांगलं नाही, काहींना त्याची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की कायमची राहू शकते. म्हणून नायट्राइल ग्लोव्हज घालाच, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलं आणि मांजर त्या खोलीत नकोत. प्रिंट आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच यूव्ही लाइटखाली किंवा उन्हात क्युअर, म्हणजे पूर्ण कडक, करायची. ओली असताना क्युअर केली तर वर पांढरट चिकट थर राहतो. धुतलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका, बरणीसकट उन्हात ठेवा, त्यातलं रेझिन घट्ट होऊन खाली बसतं, ते गाळून वेगळं टाकता येतं.

पोकळ प्रिंट असेल, समजा हत्ती, तर त्याला खालून भोकं ठेवलीच पाहिजेत. आत पातळ रेझिन अडकून राहिलं तर काही महिन्यांनी ते भिंत फोडून बाहेर येतं, छान रंगवलेल्या हत्तीच्या पोटातून चिकट थेंब गळायला लागतो आणि मग तो वाचवायला काही उपाय नाही.

तलवार वाकडी आलीये, परत पाठवू का?

थांबा, पाठवू नका. पॉलियुरेथेन गरम पाण्यात मऊ पडतं. एका वाटीत चांगलं गरम पाणी, उकळतं नको, दुसऱ्या वाटीत बर्फाचं. वाकडा भाग गरम पाण्यात थोडा वेळ धरा, बोटाने हळू सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. एका फेरीत नाही झालं तर परत करा. प्रिंटेड फिगरही गरम पाण्यात थोडी नमते, पण जोर लावला की कट्कन मोडते, तिथे घाई अजिबात नको.

घासताना धूळ उडते, चालतं का?

रेझिनची बारीक धूळ फुप्फुसात जायला नको. पाण्यात बुडवून ओल्या पॉलिश पेपरने घासा, म्हणजे धूळ उडतच नाही, आणि तरी एन९५ मास्क लावा. साच्याच्या दोन भागांची रेघ फिगरभर फिरलेली असते, ती ब्लेडच्या पाठीने खरवडायची. चेहऱ्यावरून गेलेली रेघ आधी शोधा कारण वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, मारला की ती जखमेच्या व्रणासारखी उठून दिसते.

बारीक बारीक भोकं आहेत सगळीकडे, ती कशाने भरू?

ते हवेचे बुडबुडे, ओतताना अडकलेले. टाचणीच्या टोकाएवढं भोक असेल तर फेविक्विकचा थेंब आणि वर चिमूटभर खाण्याचा सोडा, लगेच दगड होतो, मग घासून सपाट करा. मोठी फट असेल, म्हणजे हात आणि खांद्याच्या मध्ये, तर दोन भागांचं इपॉक्सी पुटी. ग्रीन स्टफ किंवा मिलिपुट मिळालं तर उत्तम, नाहीतर आपलं एम-सील आहेच, तासभर तरी थांबावं लागतं आणि थोडं रवाळ असतं पण फट, खोगीर, बेसवरचे (फिगरखालच्या चकतीवरचे) दगड यासाठी एकदम चालतं. बोट आणि टूल पाण्याने ओलं ठेवा, चिकटत नाही.

सगळ्यात त्रासदायक बुडबुडा मिशीच्या टोकात किंवा बोटात येतो, म्हणजे तो भागच गायब असतो. तिथे पुटीची शेवयीएवढी बारीक वळी करून चिकटवायची, अर्धवट घट्ट झाल्यावर सुईने आकार द्यायचा. मन लावून केलं तर मूळ मिशीपेक्षा बरी होते.

कुठला गोंद?

सुपरग्लू, म्हणजे फेविक्विक किंवा त्याच जातीचं काहीही. प्लॅस्टिक मॉडेलचा सिमेंट इथे काही कामाचा नाही, तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, रेझिन विरघळतच नाही. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि गोंद कमी लावा, जास्त लावला की जोड कच्चा राहतो. दमट हवेत सुपरग्लूच्या वाफेने आजूबाजूला पांढरी पूड बसते, ती प्रायमरच्या आधी पुसून घ्या.

जड भाग, उदाहरणार्थ दोन पायांवर उभा घोडा, नुसत्या गोंदावर सोडू नका. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने दोन्हीकडे एक मिमीचं भोक पाडा, आत पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा, मग गोंद.

भाले सारखे मोडतात, काय करू?

रेझिनचे भाले ठेवूच नका, हे माझं ठाम मत आहे. मराठा स्वाराच्या हातात लांब भाला असतो आणि तोच सगळ्यात आधी तुटतो, डब्यात ठेवताना नाहीतर समोरच्याच्या बाहीत अडकून. पहिल्याच दिवशी कापून टाका, मुठीत आरपार भोक पाडा आणि पितळेची तार घाला, ०.८ मिमीची पुरते. तारेचं टोक हातोडीने चपटं करून कानशीने पात्याचा आकार द्या. वाकला तर सरळ करता येतो, टोचतो मात्र, त्यामुळे फिगर उचलताना घोड्याला धरून उचला.

प्रायमर कुठला आणि पावसाळ्यात काय करायचं?

ॲक्रिलिक रंग नुसत्या रेझिनवर टिकत नाही, प्रायमर पाहिजेच. स्प्रेचा डबा दीड-दोन मिनिटं हलवा, २० ते ३० सेंटिमीटरवरून छोटे छोटे फवारे, फिगरच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवायचा. आधी काळा सगळीकडून, तो वाळला की पांढरा फक्त वरून तिरका, याला झेनिथल म्हणतात. सूर्य डोक्यावर असताना उजेड जसा पडेल तसा तयार मिळतो आणि चेहरा कुठे, सावली कुठे हे रंगवताना समोरच दिसतं.

जून ते सप्टेंबर मुंबईत, कोकणात, पुण्यातही बऱ्याच दिवशी स्प्रे मारू नका. हवेतलं पाणी त्यात मिसळलं की पृष्ठभाग दाणेदार होतो आणि चेहऱ्याचं बारीक काम बुजतं. त्या काळात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, व्हायेहो (Vallejo) कंपनीचा पॉलियुरेथेन प्रायमर चांगला आहे, दोन पातळ हात द्या आणि पूर्ण दिवस वाळू द्या, घाईत दुसऱ्या तासाला नख लावलं तर सोलून येतो. गाडीच्या दुकानातला प्राइमर स्प्रेही रेझिनला पकडतो, पण जाड बसतो, आधी एखाद्या फेकायच्या तुकड्यावर मारून बघा.

फेव्हिक्रिलचे रंग चालतील का? बाहेरचे फार महाग पडतात.

बेस, जमीन, झाडं, किल्ल्याच्या भिंती, यासाठी बिनधास्त चालतील. चेहरा आणि कपड्यांसाठी मॉडेलचे रंग घ्या, त्यात रंगकण बारीक दळलेले असतात म्हणून पातळ करूनही झाकतात. सगळा सेट एकदम घ्यायची काही गरज नाही. काळा, ऑफ-व्हाइट, लाल, निळा, पिवळसर गेरू, गडद तपकिरी, एक चांदी, एक सोनेरी आणि एक तपकिरी वॉश, एवढ्यावर अख्खी फौज होते. व्हायेहोची ड्रॉपर बाटली मला बरी वाटते, थेंब मोजून घेता येतो आणि आपल्या उन्हाळ्यात झाकणापाशी रंग सुकत नाही.

ब्रश किती बारीक?

लोक तीन शून्यवाला घेतात आणि तिथेच फसतात, त्याच्या पोटात रंगच राहत नाही, फिगरपर्यंत जाईपर्यंत वाळतो. एक नंबरचा गोल ब्रश, टोक चांगलं असलेला, त्याने डोळे सुद्धा होतात. कोलिन्स्की सेबल, म्हणजे खऱ्या केसांचा महाग ब्रश, परवडला तर एकच घ्या आणि जपा, रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नका, काम झालं की साबणाने धुऊन टोक करून ठेवा. ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) आणि मेटॅलिकसाठी वेगळे स्वस्तातले सिंथेटिक ठेवा, पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत मिळतात.

रंग किती पातळ करायचा?

पातळ ताकाएवढा. पॅलेटवर ओढला की खालचं किंचित दिसलं पाहिजे आणि कडेला पळून जाता कामा नये. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात नेहमी चांगले, रेझिनमध्ये डिटेल इतकं बारीक असतं की एकच जाड हात पैठणीच्या काठाची सगळी नक्षी बुजवून टाकतो.

उन्हाळ्यात पॅलेटवर रंग पाच मिनिटांत चामड्यासारखा होतो, त्यासाठी वेट पॅलेट घरीच करा. प्लॅस्टिकचा चपटा टिफिन, तळाशी ओला स्पंज नाहीतर चार पदरी टिश्यू, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. बटर पेपर म्हणून मिळणारे काही कागद मेणाचे असतात, त्यातून पाणी वर येत नाही, ते नको. झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही रंग ओला असतो. पाणी मात्र रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

मराठा फौजेचा गणवेश कोणता? सगळ्यांना एकच रंग द्यायचा का?

हा प्रश्न मला फार आवडतो. घोडदळात गणवेश धरून चालू नका. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला यायचा, बारगीराला घोडा सरकारातून मिळायचा, कपडे मात्र ज्याचे त्याचे. तेव्हा दहा स्वारांना दहा प्रकारे रंगवा, पण रंगांची यादी छोटी ठेवा, पांढरट, मळकट पिवळा, गेरू, वीटकरी, एखादा फिका निळा किंवा हिरवा. तेच चार-पाच रंग कधी पागोट्याला, कधी अंगरख्याला, कधी शेल्याला फिरवले की तुकडी एक वाटते आणि माणसं वेगळी वाटतात. कडक लाल-निळे सरदारासाठी राखून ठेवा.

पायदळाचं वेगळं. पानिपतला, १४ जानेवारी १७६१ ला, इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण होती, आणि पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपियन सेनानीच्या हाताखाली युरोपियन पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या, त्याच परंपरेतल्या पलटणी २३ सप्टेंबर १८०३ ला असईला इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभ्या राहिल्या. या लोकांना रांगेत, एकसारखंच रंगवा. टेबलावर एका बाजूला शिस्तीची रांग आणि दुसऱ्या बाजूला रंगीबेरंगी घोडदळ ठेवलं की ही फौज कशी लढत असेल ते नुसतं बघून कळतं.

पांढरे कपडे खडूसारखे दिसतात, काय चुकतंय?

तुम्ही पांढऱ्यापासून सुरुवात करताय. पांढरा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. पहिला हात द्या मळकट करडा-बदामी, घड्यांच्या खोलात त्यात थोडा तपकिरी मिसळून पातळ रेघा, मग वरच्या भागांवर ऑफ-व्हाइट दोन-तीन पातळ हातांत, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्याच्या आणि गुडघ्याच्या कडेला. धुळीतून दौड करणाऱ्या स्वारासाठी अंगरख्याच्या खालच्या कडेला मातकट रंगाचा हलका ड्रायब्रश द्या.

आपल्या माणसांचा त्वचेचा रंग कसा आणायचा?

बाजारातल्या फ्लेश रंगात तपकिरी मिसळला की चेहरा राखाडी, आजारी दिसतो. उलटं करा, लालसर तपकिरीपासून सुरू करा. सावलीला त्यातच थोडा जांभळा किंवा गडद मरून, उजेडाला पिवळसर गेरू, पांढरा जवळजवळ नाहीच. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ, पोटऱ्या, एवढ्या ठिकाणी उजेड पुरतो. आणि सगळ्यांना एकच छटा देऊ नका, एका पंगतीला बसलेल्या माणसांत सुद्धा किती छटा असतात ते बघा, तीन मिश्रणं करून आळीपाळीने वापरा.

डोळे! प्रत्येक जण भूत बघितल्यासारखा दिसतो.

कारण पूर्ण पांढऱ्या गोळ्यात मधोमध काळा ठिपका दिलाय. त्वचेच्या पहिल्या हातानंतर लगेच डोळे करा, पगडी-मिशीच्या आधी, म्हणजे इकडेतिकडे गेलं तर त्वचेच्या रंगाने झाकता येतं. खोबणीत गडद तपकिरी भरा. त्यात ऑफ-व्हाइटची आडवी बारीक रेघ, चारी बाजूंनी तपकिरी किंचित उरलं पाहिजे. मग बुबुळ, ठिपका न देता वरपासून खालपर्यंत उभी छोटी रेघ, दोन्ही पापण्यांना टेकलेली. दोन्ही डोळे एकाच दिशेला बघू देत, थोडे बाजूला पाहणारे डोळे सरळपेक्षा सोपे जातात. कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली, ब्रशवर रंग अगदी थोडा.

साध्या शिपायांना मी डोळे करतच नाही. तीन फुटांवरून खोबणीतली गडद सावली आणि भुवईवरचा उजेड एवढंच दिसतं, आणि तेवढ्याने चेहरा जिवंत वाटतो. सरदाराला मात्र करायचेच.

घोडे सगळे तपकिरीच दिसतात.

कुमैत घोडा तपकिरी असला तरी त्याची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे असतात, एवढं केलं तरी फरक पडतो. एखादा पंचकल्याणी करा, चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. एखादा अबलख, म्हणजे मोठ्या पांढऱ्या डागांचा. खूर काळे कुळकुळीत नकोत, करडे-तपकिरी द्या. घोडा हा ड्रायब्रश आणि वॉशसाठी अगदी योग्य, पण प्रिंटेड फिगर असेल तर ड्रायब्रश सांभाळून, प्रिंटचे थर साधारण ०.०५ मिमीचे असतात आणि घोड्याच्या गुळगुळीत पुठ्ठ्यांवर ते थर रेघारेघांनी उठून येतात. तिथे पातळ ग्लेझ, म्हणजे खालचं दिसेल असे पारदर्शक हात, बरे.

भगवा झाकतच नाही, पाच हात दिले.

बरेचसे भडक नारिंगी आणि पिवळे रंगकण मुळातच पारदर्शक असतात, काळ्यावर ते कधीच उजळणार नाहीत. झेंड्याखाली आधी गेरू किंवा फिका गुलाबी द्या, त्यावर भगवा दोन हातांत झाकतो. सावलीला काळा मिसळू नका, मळतो, वीटकरी लाल वापरा. जरीपटक्याचं जरीकाम मेटॅलिक सोनेरीने न भरता गेरू, पिवळा आणि ऑफ-व्हाइटच्या छोट्या ठिपक्यांनी करून बघा, लांबून जास्त खरं वाटतं.

कॉन्ट्रास्ट पेंट म्हणजे चीटिंग का?

नाही हो. २०१९ मध्ये आले तेव्हापासून कितीतरी लोकांच्या पडून राहिलेल्या फौजा टेबलावर आल्या. एकाच हातात खोलात गडद, उंचावर फिका. पगडीच्या घड्या, घोडे, चामडं यासाठी सुंदर, सपाट ढालीवर डाग पडतात. साचलेला थेंब ओला असतानाच कोरड्या ब्रशने उचला.

वार्निश लागतंच का?

खेळायच्या फिगरला लागतंच. आधी ग्लॉस, तो कडक असतो, वाळला की वर मॅट, म्हणजे चमक जाते. दमट दिवशी मॅट स्प्रे मारला की पांढरी धुकट साय येते, तेव्हा पावसाळ्यात इथेही ब्रशवालाच. तलवार, ढालीची फुलं आणि मेटॅलिक रंग मॅटने निस्तेज होतात, त्यांना शेवटी परत ग्लॉसचा टिपका द्या.

जुना रंग काढून परत रंगवायचंय.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल, थोडा वेळ भिजवून टूथब्रश. रात्रभर सोडू नका, विशेषतः प्रिंटेड फिगर, ती त्यात फुगते आणि नंतर तडकते. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. कोपऱ्यात थोडा रंग राहिला तर राहू दे, पातळ प्रायमरखाली दिसत नाही.

चाळीस स्वार रंगवायचेत, जीव मेटाकुटीला आलाय.

चाळीस एकदम घेऊ नका. पाच किंवा सहाचा गठ्ठा, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर ब्लूटॅकने (परत काढता येणाऱ्या चिकट पुटीने) उभे केलेले, आणि एक रंग पाचही जणांना लावून मग पुढचा, तोवर पहिला वाळलेला असतो. घोडा आणि स्वार वेगळे रंगवा, जोडायची जागा रंगाविना ठेवा म्हणजे गोंद नीट धरेल. प्रत्येक गठ्ठ्यात एक तरी फिगर तुमच्या आवडीची असू दे, सरदार, नगारची, झेंडेवाला, तो शेवटी रंगवा. बेस मात्र सगळ्या चाळीसांचे एकाच दिवशी करा, फेविकॉल, बारीक वाळू, तीच तपकिरी आणि तोच ड्रायब्रश, कारण महिन्याभराच्या अंतराने केलेल्या बेसची माती कधीच जुळत नाही.